एका दमात घेतलेली दोन नावे

आपल्याकडे काही नावे सुटी घेण्याची चालच नाही. ज्ञानोबा म्हटले की तुकाराम मागोमाग येतोच, मग त्या दोघांत तीनशे वर्षांचे अंतर असले तरी बेहत्तर. गोठ्यातल्या बैलजोडीपासून देव्हाऱ्यातल्या विठोबा-रखुमाईपर्यंत आपल्या माणसाला जोडीचा मोठा सोस. एकटे नाव त्याच्या तोंडात बसत नाही. त्याला ताल मिळत नाही.

हा सोस सर्वांत अधिक कुठे दिसत असेल तर तो तमाशाच्या बोर्डावर. आमच्या खानदेशात जत्रेचा हंगाम सुरू झाला की भिंतीभिंतींवर कागद लागतात, आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जोडनावेच झळकत आलेली आहेत. भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू पाटील सिंदखेडकर ही आमच्याकडची नावे. तिकडे सांगलीच्या बाजूला काळू-बाळू कवलापूरकर. हे काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, सख्खे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ या वगातल्या दोन हवालदारांच्या सोंगाने घरोघर पोचलेले. त्यांच्या पाळण्यातल्या नावांशी प्रेक्षकाला कर्तव्य नव्हते. त्याने त्यांना जोडीने ओळखले आणि जोडीनेच डोक्यावर घेतले.

भावाभावांची जोडी समजण्यासारखी असते. एका आईच्या पोटी आले, एका फडात वाढले, भांडले तरी जेवायला एका ताटाशी बसले. पण ज्यांना रक्ताने बांधलेले नाही, जातीने तर एकमेकांपासून तोडलेलेच आहे, अशा दोघांची नावे लोकांनी एका दमात घ्यावीत, आणि ते दोघे विभक्त होऊन कित्येक दशके लोटल्यावरही घेत राहावीत, हे नवल आहे. या लेखाचा विषय ते नवल आहे. नावे आहेत पठ्ठे बापूराव आणि पवळा.

* * *

आधी थोडे मागे जाऊ. मराठी शाहिरीतली पहिली मोठी जोडी म्हणजे होनाजी बाळा. पुष्कळ शिकल्या-सवरल्या माणसांनाही हे एकाच माणसाचे नाव वाटते. होनाजी हा पुण्याचा नंदगवळी, आडनाव शिलारखाने, धंदा दूधदुभत्याचा. शाहिरी त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेली. बाळा करंजकर हा जातीने शिंपी. होनाजी कवन रची आणि बाळा ते गाई. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी त्यांचा मान होता, वर्षासन होते. लावणीला रागदारीची बैठक देऊन तिला ढोलकीच्या फडातून तबल्याच्या मैफलीत आणून बसवण्याचे श्रेय होनाजीला देतात. १८४४ साली त्याचा अंत झाला, तोही मारेकऱ्यांच्या हातून. पुढे १९५१ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमर भूपाळी’ हा बोलपट काढला आणि ज्यांनी शाहिरी म्हणजे काय हे कधी ऐकले नव्हते त्यांच्याही घरात पहाटेच्या वेळी होनाजीचे शब्द शिरले.

मला या जोडीतली एकच गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. कवीने कवनाच्या शेवटी आपले नाव गुंफावे, त्याला मुद्रा म्हणतात. मुद्रा म्हणजे कवीचा सातबारा. होनाजीने त्या सातबाऱ्यावर गाणाऱ्या मित्राचे नाव चढवले. रचणारा मी असलो तरी हे गाणे तुझ्या गळ्यावाचून उभे राहत नाही, ही कबुली त्याने प्रत्येक कवनाच्या अखेरीस दिली. जगात कवी थोडे झाले नाहीत. पण गाणाऱ्याला आपल्या सहीत वाटा देणारे किती निघतील?

पठ्ठे बापूरावांची मुद्रा एकट्याची आहे. तिच्यात पवळा नाही. तरीही लोक पवळेवाचून बापूरावांचे नाव घेत नाहीत. होनाजी-बाळाची जोडी कवीने लावली. बापूराव-पवळेची जोडी ऐकणाऱ्यांनी लावली. एवढ्या एका फरकात त्या दोघांच्या नात्याची सगळी गुंतागुंत साठलेली आहे, असे मला वाटते.

* * *

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा. गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवे. तेव्हा जिल्हा सातारा, आता सांगली. घराणे ब्राह्मणाचे, गावचे कुलकर्णीपण घरात. चार-पाच इयत्ता इंग्रजी शिकले. १८८५ च्या सुमारास आई-वडील गेले आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती गावचे दप्तर आले.

दप्तर हाती असलेला कुलकर्णी म्हणजे त्या काळच्या गावातले केवढे प्रस्थ, हे आज सांगूनही समजायचे नाही. कुणाचे शेत किती, कुणाचा सारा किती थकला, कुणाचे नाव कागदावर राहिले आणि कुणाचे उडाले, हे सगळे त्याच्या बोरूच्या टोकावर. असा बोरू हाती धरलेल्या पोराला गावाच्या खालच्या अंगाला वाजणाऱ्या ढोलकीचे वेड लागले. जात्यावरच्या ओव्या आणि फडातल्या लावण्या कानांत शिरल्या आणि साऱ्याच्या हिशेबाऐवजी कवने कागदावर उतरू लागली. ती गावातले तमासगीर म्हणू लागले. पुढे तो उघडउघड त्यांच्यांत बसू-उठू लागला.

तमाशा तेव्हा कोणाचा होता? महारांचा, मांगांचा, कोल्हाट्यांचा. ब्राह्मणाने तमाशा पाहिला तर तो चोरून, घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन. बोर्डावर उभे राहणे म्हणजे जातीतून उठणे. श्रीधर कुलकर्णी उठला. घर सुटले, वतन सुटले, जानवे सुटले. कुलकर्ण्याचा पठ्ठे बापूराव झाला. ‘पठ्ठा’ हा शब्द तालमीतला. वस्तादाच्या हाताखाली अंग कमावलेल्या गड्याला तो लावतात. ज्या माणसाच्या घराण्याला गावाने आजवर ‘राव’ म्हटले, त्याने आपण होऊन आधी ‘पठ्ठे’ लावून घेतले, यात त्याचा सगळा स्वभाव आला.

पहिल्याने त्यांनी दुसऱ्यांच्या फडांना लावण्या पुरवल्या, मग स्वतःचा फड उभा केला. गण, गौळण, भेदिक, झगड्याची, रंगाची, वगाची, लावणीचा एकही प्रकार त्यांनी सोडला नाही. आपण दोन लाख लावण्या केल्या असे त्यांनी स्वतःच एका कवनात सांगून ठेवले आहे. तो आकडा कुणी मोजू नये. शाहिराचा आकडा हा शेतकऱ्याच्या पाऊसमानासारखा असतो. इंचांत मापायचा नसतो. त्या काळात फडातल्या गणापासून वगापर्यंत बापूरावांचे काही ना काही असेच, एवढा अर्थ त्यातून घ्यावा.

* * *

पवळेचा जन्म १८७० चा मानतात. नगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा नावाचे गाव आहे, तिथल्या महार कुटुंबातली ही मुलगी. आई-बापांनी तिला खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले. मुरळी म्हणजे देवाची बायको. देवाशी लग्न लागल्यावर माणसाशी लागत नाही. आणि ज्या बाईचे माणसाशी लग्न लागलेले नाही तिच्याकडे पाहण्याची गावाची नजर कशी असते, ते सांगायला नको.

तिच्या आधी तमाशात बाईचे काम पुरुष करी. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. पवळेला तमाशाच्या बोर्डावर आलेली पहिली स्त्री म्हणून मान देतात. रूप होते, गळा होता, आणि अभिनयाचे अंग उपजत होते. तोवर जी लावणी पुरुषाने बाईचे सोंग घेऊन म्हणायची, ती आता बाई बाईच्या तोंडाने म्हणू लागली. हा फरक केवढा मोठा! ज्याने नाच्या पोऱ्याची सवय असलेल्या प्रेक्षकांत बसून पहिल्यांदा पवळेला पाहिले असेल, त्याला काय वाटले असेल याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. सोंग गेले आणि साक्षात माणूस समोर आले.

बापूरावांचे शब्द आणि पवळेची अदा एकत्र आली आणि त्या फडाने महाराष्ट्र वेडा केला. मुंबईतला गिरणगाव त्या वेळी घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसांनी भरलेला होता. बारा-बारा तास साच्यावर उभी राहणारी ही माणसे रात्री फडात येऊन बसत. १९०८-०९ च्या सुमारास शाहू छत्रपतींपुढे बापूरावांनी ‘मिठाराणीचा वग’ सादर केला. ज्या राजाला त्याच्या राज्यातले ब्राह्मण वेदोक्ताचा अधिकार नाकारत होते त्या राजापुढे, ब्राह्मण्य टाकलेला शाहीर आणि महाराची नर्तकी एका बोर्डावर उभी! त्या काळचा एवढा अचूक देखावा कादंबरीकाराला कल्पनेने रचू म्हटले तरी रचता यायचा नाही.

* * *

आता खानदेशाकडे येतो. धुळे-जळगावच्या माणसाला सातारा-सांगलीच्या शाहिराचा आणि संगमनेरच्या नर्तकीचा एवढा लळा का लागावा?

एक कारण उघड आहे. खानदेश हा ऐकणाऱ्यांचा मुलूख आहे. आमच्याकडे वहीगायन आहे, आखाजीला झोक्यावरची गाणी आहेत, आणि जात्यावरच्या ओवीचे तर विचारूच नये. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या आणि अक्षर न शिकलेल्या बहिणाबाई चौधरी याच मातीत बोलल्या. कपाशीचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो, आणि धुळ्याच्या एकवीरादेवीची चैत्रातली यात्रा, तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची जत्रा, यांपासून तो दहा उंबऱ्यांच्या गावच्या पिराच्या उरुसापर्यंत फडांना सुपाऱ्या जातात. रात्रीचा खेळ आणि सकाळची हजेरी. सुपारी फोडली की गाव दोन दिवस कामाला लागत नाही.

बापूरावांचा फड इकडे कोणी पाहिला असेल तो असेल. गाण्याला मात्र रेल्वेचे तिकीट लागत नाही. दुसऱ्या फडांच्या तोंडून आणि जत्रेत पसरलेल्या पातळ कागदाच्या चोपड्यांतून ते इथे आले. अमळनेर-पारोळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात माझे बालपण गेले. तिथे चावडीच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकानेही त्या दोघांना डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. बहुतेकांचा जन्मच ती जोडी फुटण्याच्या सुमाराचा किंवा नंतरचा. तरी त्या ओट्यावर दोन तट होते: एक बापूरावाचा, एक पवळेचा.

“पवळा नही ऱ्हाती ते बापूरावना कागद कागदच ऱ्हाता,” असे एकाने म्हणायचे, आणि दुसऱ्याने तंबाखूची चिमूट दाढेखाली सारून उत्तर द्यायचे, “आनि कागद नही ऱ्हाता ते पवळा काय म्हनती?” मग तास-दोन तास तोच वाद. निकाल कधी लागला नाही, आणि लागावा अशी कुणाची इच्छाही नव्हती. निकाल लागला असता तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन करायचे काय?

पुढे शाहिरीचा थोडा अभ्यास घडला तेव्हा ध्यानात आले की हा वाद त्या म्हाताऱ्यांनी काढलेला नव्हता. तो तमाशाच्या पोटातलाच आहे. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. तुरेवाले पुरुषाला, शिवाला थोर म्हणतात. कलगीवाले मायेला, शक्तीला. रात्र-रात्र सवाल-जवाब चालतात. ब्रह्म आधी की माया आधी? ब्रह्मावाचून माया निराधार, आणि मायेवाचून ब्रह्माला विचारतो कोण? आमच्या ओट्यावर तेच भेदिक चालले होते. ब्रह्माच्या जागी बापूराव आणि मायेच्या जागी पवळा, एवढेच.

शिवाय बापूराव-पवळेच्या बोर्डावरचा मोठा रंग झगड्याच्या लावणीचा. पुरुषाने टोमणा टाकायचा, स्त्रीने तो परतवायचा. त्याने गर्व करायचा, तिने तो उतरवायचा. ज्यांचे प्रेम लोकांनी भांडणाच्या रूपातच पाहिले, त्या दोघांचे प्रत्यक्षात भांडण झाले तेव्हा लोकांना तेही खेळाचाच एक भाग वाटले असल्यास आश्चर्य काय?

* * *

पण ते खेळातले भांडण नव्हते. पवळा फड सोडून गेली, आणि ती गेल्यावर बापूरावांच्या फडाची रया गेली. इतिहासाच्या पदरात एवढेच घट्ट सापडते.

कारणे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी पैशाचे कारण सांगतो, कोणी संशयाचे, कोणी तिसऱ्या माणसाचे. ते दोघे एकमेकांचे कोण होते याबद्दलही तेच. कोणी नवरा-बायको म्हणतो, कोणी गुरू-शिष्या, कोणी मैत्र. मी या कारणांचा निवाडा करणार नाही. माझे लक्ष सांगणाऱ्याकडे जाते. ज्याला जे नाते ठाऊक असते ते तो त्या दोघांवर घालतो. ज्याची भावकीत वाटणी होऊन बोलणे तुटले आहे, तो हिशेबाचे कारण सांगतो. ज्याच्या घरी बाईच्या शब्दाला किंमत नाही, तो तिच्या ताठ्याचे सांगतो. रसिकाचे प्रेम असे असते. ते कलावंतांचे म्हणून सुरू होते आणि बघता बघता त्यात रसिकाचाच संसार येऊन बसतो.

या प्रेमाने एक गोष्ट मात्र झाकली. ती म्हणजे त्या दोघांनी तमाशासाठी काय दिले आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळाले, याचा असमान हिशेब.

बापूरावांनी ब्राह्मण्य सोडले. हा त्याग लहान नव्हे, आणि तो कुणी लहान करू नये. पण सोडायला त्यांच्याजवळ काहीतरी होते. पवळेने काय सोडायचे? तिला तर देवाला वाहून तिच्या घरच्यांनीच मोकळी केलेली. बापूराव बोर्डावर चढले तेव्हा लोक म्हणाले, केवढा हा माणूस, कुठून कुठे उतरला! पवळा चढली तेव्हा तसे कुणी म्हटले नाही, कारण तिची जागा तीच, असे सर्वांनी धरून चाललेले. एकाच बोर्डावर, एकाच दिवटीच्या उजेडात उभी असलेली ही दोन माणसे, पण एक वरून आलेला दिसे आणि दुसरी तिथलीच वाटे. त्याचे येणे हे बंड ठरले आणि तिचे येणे हा धंदा ठरला.

ही विषमता ओट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या आधी एका माणसाने स्वच्छ पाहिली होती. महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न त्या कार्याला देऊ केले. डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले. आपल्या समाजातल्या स्त्रियांना बोर्डावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. पुढे जून १९३६ मध्ये मुंबईला वाघ्या, मुरळी, देवदासी यांच्या सभेत त्यांनी हाच मार्ग सोडून देण्याचे निक्षून सांगितले.

या प्रसंगाचा विचार करताना मला दोघांचीही बाजू दिसते, आणि दोन्ही दिसतात म्हणूनच मन अस्वस्थ होते. बापूरावांचे देणे खोटे नव्हते. ज्याने महारवाड्यात आयुष्य काढले, ज्याला त्याच्या जातीने केव्हाच टाकले, त्याने ‘हे माझ्याही लोकांचे काम आहे’ असे म्हणावे, यात ढोंग कसले? पण नाकारणाऱ्याचा प्रश्नही टळत नाही. तो पैसा कमावला कुणाच्या अंगाने? देऊ केला कुणाच्या नावाने? त्या देणगीतसुद्धा मुद्रा एकट्या बापूरावांचीच होती. होनाजीने बाळाला दिलेला वाटा पवळेला इथेही मिळाला नाही.

* * *

माझ्या वर्गात एकदा शाहीर शिकवत होतो. होनाजी, रामजोशी, सगनभाऊ, अनंतफंदी, परशराम, प्रभाकर अशी नावे फळ्यावर लिहिली, शेवटी पठ्ठे बापूराव लिहिले आणि बोलण्याच्या ओघात पवळेचे नाव घेतले. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पवळाने काय लिहिले?” मी म्हटले, “ती लिहीत नव्हती, ती गात आणि नाचत होती.” त्यावर ती म्हणाली, “मग तिचे काय राहिले?”

इतिहासाच्या मास्तराला यापेक्षा अवघड प्रश्न पडत नाही. आमचे धुळे हे कागदांचे गाव. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर मराठ्यांचे कागद गोळा करत फिरले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. कागद नाही तर इतिहास नाही, ही शिस्त त्यांनी आम्हांला लावली आणि ती योग्यच आहे. पण पवळेसारखीचा कागद कुठून यायचा? बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या. मान मुरडून घेतलेली एक हरकत, शब्दावर क्षणभर रेंगाळलेला डोळा, ढोलकीच्या थापेवर अडवून धरलेले पाऊल, हे कोणत्या बाडात बांधायचे? बहिणाबाईंच्या ओव्या उतरून घ्यायला घरात सोपानदेव होते, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर वर्षाच्या आतच, त्या पुस्तकरूपाने आल्या. पण त्या निदान शब्द होत्या. पवळेची कला शब्दांची नव्हती, ती देहाची होती. आणि देहाबरोबर गेली.

गेली, पण सगळीच नाही. आणि इथे मला त्या ओट्यावरच्या माणसांचे ऋण मान्य केले पाहिजे. मुद्रेत नसलेले नाव त्यांनी टिकवले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी हे काम केले. पुस्तकांतून ‘पठ्ठे बापूराव’ एवढेच उरले असते; खेड्यातल्या माणसाने हट्टाने ‘बापूराव-पवळा’ म्हणायचे चालू ठेवले. त्याच्या त्या हट्टात भाबडेपणा होता, गावगप्पा होत्या, तिच्या चारित्र्यावर टाकलेले शेरेसुद्धा होते. ते मी लपवत नाही. पण त्याबरोबर एक न्यायही होता. अर्धा वाटा कुणाचा, हे त्याला कळत होते. सातबाऱ्यावर नाव नसले तरी शेत कसणारा कोण हे शेजाऱ्याला ठाऊक असते, तशातली ही गोष्ट. मुलीला मी त्या दिवशी एवढेच सांगितले, “तिचे नाव राहिले. आणि ते राहावे अशी कुणी तजवीज केलेली नसताना राहिले.” तिचे समाधान झाले की नाही ते तिलाच माहीत.

* * *

शेवट दोघांचाही एकाकी झाला. पवळा १९३९ साली गेली. बापूराव तिच्यामागे सहा वर्षे जगले आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात वारले. ज्याच्या लावण्यांवर अनेक फडांचे संसार चालले, त्याचे अखेरचे दिवस हलाखीचे गेले. फडात एकाच चालीवर उभी राहणारी ही दोन माणसे वेगवेगळ्या वाटांनी निघून गेली, आणि त्यांच्यातला शेवटचा सवाल जवाबावाचून राहिला.

त्यानंतरचे सगळ्यांना माहीत आहे. तमाशाचा तंबू झाला, तंबूत विजेचे दिवे आले, वगाच्या जागी सिनेमातली गाणी आली, आणि आता तर गावोगावच्या जत्रांतून एका रात्रीच्या सुपारीला शंभरदा विचार करतात. खानदेशातले जुने ढोलकीवाले, सुरते, सोंगाडे एकेक करून कमी होत आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या ओठांवर बापूरावांची कवने अजून आहेत, आणि काहींच्या हातांत पवळेच्या परंपरेतले ठेके असतील. ते उतरून घ्यायला राजवाड्यांसारखा अवलिया लागत नाही. गावच्या शाळेतला एखादा मास्तर आणि शेतातून परतलेल्या म्हाताऱ्याशेजारी बसायची तयारी एवढे पुरे आहे. मी माझ्यापुरते ते करू लागलो आहे. पाच वह्या भरल्या आहेत. त्यांत एकच लावणी तीन गावांत तीन तऱ्हांनी आलेली आहे, आणि कोणती खरी ते ठरवायच्या भानगडीत मी पडलेलो नाही.

राहता राहिला तो ओट्यावरचा वाद. मोठे कोण, बापूराव की पवळा? इतक्या वर्षांनी मला वाटते की प्रश्न मोठे कोण हा नव्हताच. होनाजीने मित्राला जे राजीखुशीने दिले ते बापूरावांनी द्यायचे राहून गेले, आणि ते देणे लोकांनी त्यांच्या वतीने फेडले, एवढीच ही गोष्ट आहे. फेडताना लोकांनी व्याजही पुष्कळ लावले, कहाण्या रचल्या, नसती नाती जोडली. तरी मुद्दल चुकले नाही.

म्हणून मीही दोन्ही नावे एकत्रच घेतो. पण आता घेताना मधल्या रेघेवर जरा थांबतो. जोडीची नावे लिहिताना आपण ती छोटी रेघ सहज ओढतो आणि तिने दोन माणसे सांधली असे समजतो. बापूराव-पवळेच्या मधली ती रेघ सांधतेही आणि दुभागतेही. अलीकडे वर्गात शाहीर शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर दोन्ही नावे लिहितो, पवळेचे आधी.